गोष्ट ऐकायला नावड्याला

या ब्लॉगवर लोक येतात ते स्पितीत रस्ता कधी उघडतो आणि केरळात होडीचं भाडं किती पडतं हे बघायला. आज मी तुम्हाला नेरूळहून निघून नावड्याला नेणार आहे. अंतर वीस किलोमीटरच्या आतबाहेर, मुक्काम दोन रात्री, आणि काळ नव्वदच्या दशकाचा मध्य. सामानात एक कापडी पिशवी, एक थर्मास, तिळाच्या लाडवांचा डबा आणि चार वर्षांची मुलगी. एवढ्याशा सहलीवर काय लिहायचं असं आमचे हे म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही आला नव्हतात, तुम्ही गप्प बसा.

मुलगी म्हणजे मुक्ता. ठाण्याच्या एकत्र घरातून आम्ही नेरूळच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा ती अडीच वर्षांची होती आणि 'पाणी', 'बाबा', 'नको' असे मोजके शब्द बोलत होती. नेरूळला आल्यावर तेही एकेक करून बंद झाले. भांडण नाही, आजारपण नाही, काही नाही. चौथा मजला, पांढऱ्या भिंती, दिवसातून दोनदा पुसलेल्या मोझॅकच्या लाद्या आणि त्यावर शांतपणे बसलेलं आमचं पोर. मी टापटिपीची बाई आहे, हे आधीच सांगते. नवरा त्याला वेगळा शब्द वापरतो. भिंतीला हात लावू नको, कुंडीतली माती उकरू नको, तांदळाच्या डब्यात हात घालू नको, हे मी दिवसभरात किती वेळा म्हणत असेन त्याचा हिशेब नाही.

डॉक्टरांनी कान तपासले. ऐकू उत्तम येतं म्हणाले, घाई करू नका, वाट बघा. वाट बघायला माझी हरकत नव्हती, पण फेब्रुवारीत शाळेच्या प्रवेशाची मुलाखत होती. चार वर्षांच्या मुलांची मुलाखत. मुलाने आत जाऊन स्वतःचं नाव सांगायचं, दोन रंग ओळखायचे. शेजारच्या वहिनींनी सांगितलं की न बोलणाऱ्या मुलांना तिथून सरळ परत पाठवतात, आणि मग सगळीकडे तेच होतं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मी ऑफिसातून बिनपगारी रजा घेतली, चित्रांचे पत्ते आणले, रोज सकाळी मुक्ताला समोर बसवून 'हे काय?' असं विचारायला लागले. ती बघत राहायची. मग मीच सांगायची, 'हत्ती'.

नसीमा बेलापूरच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. मी रजेवर असताना ती मला भेटायला आली, तासभर आमचा तो पत्त्यांचा कार्यक्रम बघितला, आणि चहा पिताना म्हणाली की आमच्या घरी चल. तिचं घर नावड्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला. तिची भाभी तिथे भाताच्या कोठारात बालवाडी चालवायची आणि वडील मुलांना गोष्टी सांगायचे. मला ते काही फार पटलं नाही. शहरातल्या डॉक्टरांना जे जमेना ते भाताच्या कोठारात काय जमणार? पण खरं सांगायचं तर माझे सगळे उपाय करून संपले होते. संक्रांत झाली, आणि पुढच्या गुरुवारी आम्ही निघालो.

त्या वेळी पनवेलपर्यंत लोकल गाडी आलेली नव्हती. हायवेवर जाऊन उभं राहायचं, पनवेलची एसटी धरायची आणि कळंबोलीला उतरायचं. तिथून सहा सीटर म्हणवणाऱ्या रिक्षात दहा माणसं होईपर्यंत बसून राहायचं आणि मुंब्र्याच्या रस्त्याने नावड्याच्या फाट्यावर उतरायचं. दोघींचा सगळा प्रवास दहाच्या नोटेत झाला, वर सुटे परत आले. रस्त्याला तळोज्याच्या कारखान्यांचे ट्रक, धूळ आणि मध्येच एखाद्या कंपनीचा असा वास की नाकाला पदर लावावा. मुक्ता मात्र खिडकीला नाक लावून बसली होती. खिडकी किती घाण होती ते मी तुम्हाला सांगत नाही.

फाट्यावर नसीमा उभी होती. तिथून वीस मिनिटं चालायचं, एका बाजूला कापणी झालेली शेतं आणि त्यात लावलेला वाल, दुसऱ्या बाजूला खाडीचा चिखल. ओहोटी होती. चिखलावर बोटाएवढे मासे चक्क चालत होते, मधूनच टुणकन उडी मारत होते. त्यांना निवटी म्हणतात, नसीमा म्हणाली. मुक्ता थांबली ती हलेचना. मी म्हटलं, "मुक्ता, मासे ना? मासे बघायचे?" आणि लगेच नसीमाला सांगितलं, "तिला मासे बघायचेत." नसीमा माझ्याकडे बघून हसली.

घर मंगलोरी कौलांचं, ऐसपैस. भाऊ सौदीला, घरात रुकैयाभाभी, त्यांची दोन मुलं आणि नसीमाचे वडील. त्यांना सगळं गाव चाचा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. चाचांनी उभी हयात जहाजावर स्वयंपाकी म्हणून काढली होती. आता गुडघे दुखायचे म्हणून उंच पाटावर बसायचे. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि माझ्यासाठी मुद्दाम बाजूला, वेगळ्या चुलीवर केलेली बटाट्याची भाजी. मी म्हटलं, एवढं कशाला, मी मासे खाते. भाभींचा चेहरा असा काही खुलला की दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात माशांशिवाय दुसरं काही दिसेना.

बालवाडी दुसऱ्या दिवशी सकाळी बघितली. घरामागे भाताचं कोठार होतं. शेणाने सारवलेली जमीन, भिंतीशी बांबूच्या दोन उंच कणग्या, वरच्या झरोक्यातून येणारं ऊन. एका कोपऱ्यात भाताच्या तुसाचा गुडघाभर ढीग, दुसऱ्यात पाण्याचं घमेलं आणि भिजवलेली माती. शिंपले, चिंचोके, नारळाच्या करवंट्या, गोणपाटं. एकही चित्राचा पत्ता नाही. गावातली पंधराएक मुलं, आगऱ्यांची आणि मुसलमानांची, यायची आणि आल्याबरोबर जो तो आपल्या कोपऱ्यात घुसायचा. भाभी त्यांच्यात फिरत राहायच्या, फार बोलायच्या नाहीत. मी विचारलं की शिकवता कधी. त्या म्हणाल्या, "आधी हात तं शिकूंद्या."

मुक्ता पहिला अर्धा तास माझ्या मांडीवरून उठली नाही. मग तुसाच्या ढिगापाशी गेली, एक बोट घातलं, मग मनगट, मग कोपरापर्यंत दोन्ही हात. मी रुमाल काढून मागे गेले. भाभींनी माझ्या हातातला रुमाल अलगद घेतला आणि स्वतःच्या कमरेला खोचला. दुपारपर्यंत तो मला परत मिळाला नाही.

अकराच्या सुमाराला चाचा येऊन पाटावर बसले आणि मुलं आपोआप गोळा झाली. गोष्टीची त्यांच्याकडे एक रीत होती. हुंकार द्यायला रोज एकच मूल, त्याला म्हणायचे हुंकारी. तो चाचांच्या समोर उलट्या घमेल्यावर बसायचा. प्रत्येक वाक्याला त्याने 'हं' म्हणायचं, बाकीच्यांनी तोंडातून आवाज काढायचा नाही. हुंकार आला की गोष्ट एक पाऊल पुढे. हुंकार नाही आला तर गोष्ट जागच्या जागी उभी. त्या दिवशी चाचांनी चौफेर बघितलं आणि घमेल्यावर मुक्ताला बसवलं.

"तं एक व्हती निवटी," चाचा म्हणाले.

मुक्ता त्यांच्याकडे बघत राहिली. पोरं तिच्याकडे बघत राहिली. मला ती शांतता सहन होईना. मी मागून म्हटलं, "हं." चाचांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढे सुरू केलं. निवटी चिखलात झोपली होती, जागी झाली तर दर्या गायब. हं. ती दर्या शोधायला निघाली. हं. वाटेत बगळा भेटला, खेकडा भेटला, मिठागरातली टोपली भेटली, प्रत्येकाला विचारलं. हं, हं, हं. गोष्ट मस्त रंगली. मला तर वाटलं की आपण वेळ निभावून नेली, मुक्ताची लाज राखली. मी मनातल्या मनात खूश होते.

जेवताना चाचा माशाचा काटा काढता काढता शांतपणे म्हणाले, "बाय, आज गोष्ट म्या तुला सांगितली. पोरीपरत नाय पोचली ती."

मी म्हटलं, चाचा, ती बोलत नाही, म्हणून मी दिला हुंकार.

"तू देतेस म्हनून ती देत नाय," ते म्हणाले, आणि भाकरी मागितली.

नसीमाने त्यात भर घातली. ऑफिसातसुद्धा ही माझी वाक्यं पूर्ण करते, साहेबांचीही करते, असं तिने सगळ्यांना सांगितलं आणि भाभी तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले, पण मला राग आला होता. फार राग आला होता. दीड वर्ष मी या मुलीसाठी रात्रीचा दिवस करते आहे, आणि चाचा एका सकाळीत निकाल देऊन मोकळे. दुपारी पडवीत आडवी झाले तेव्हा मनाशी ठरवलं की उद्या सकाळची पहिली रिक्षा धरायची. झोप काही आली नाही. पडल्या पडल्या आदल्या दिवसाचे मासे आठवले. तिला मासे बघायचेत, हे नसीमाला कोणी सांगितलं होतं? मी. मुक्ताला भूक लागली, थंडी वाजते, कंटाळा आला, हे जगाला कोण सांगत होतं? ती तोंड उघडायच्या आत मी तिथे हजर असायची. राग होता तिथेच होता, पण तो आता चाचांवर नव्हता.

संध्याकाळी पोपटी लावली. रायगडात ज्यांनी जानेवारीत ती खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते: मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला दाबायचा. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. दिवस मावळायच्या बेताला शेताच्या कडेला जाळ झाला. भांबुर्ड्याला ओव्यासारखा वास येतो, तो धुरात मिसळून सगळ्यांच्या कपड्यांत शिरला. शिजलं का हे बघायला मडक्यावर पाण्याचा शिपका मारतात. पाणी चर्र होऊन तिथल्या तिथे उडालं की झालं. ते काम मुलांचं. मुक्ताने ओंजळीने पाणी मारलं, चर्र झालं, ती दचकली आणि परत ओंजळ भरायला पळाली. तिचा फ्रॉक राखेने काळा झाला होता आणि नाकाखाली मसाला होता. मी जागची उठले नाही. इतका वेळ तिच्यापासून दहा पावलांवर बसून राहण्याची मला सवय नव्हती, हात सारखे शिवशिवत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली नाही. चाचांनी पाटावर बसल्या बसल्या जाहीर केलं की कालची हुंकारीची पाळी राहिलेली आहे, आणि घमेल्याकडे बोट दाखवलं. मुक्ता स्वतःहून जाऊन बसली. भाभींनी मला दाराजवळ बसवलं, पुढ्यात सोलायला वालाच्या शेंगा ठेवल्या आणि मी नेलेल्या डब्यातला एक तिळाचा लाडू माझ्या तोंडात घातला. "चघळा, चावू नका," म्हणाल्या. चावायचा प्रश्नच नव्हता. त्या वर्षी माझा गुळाचा पाक पुढे गेला होता, लाडू दगड झाले होते.

"तं एक व्हती निवटी."

काही नाही. चाचांना कसली घाई नव्हती. त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि मुक्ताकडे बघत बसले, अगदी साधे, चहा यायची वाट बघावी तसे. पोरांनाही हे सरावाचं असावं, कोणी चुळबुळ केली नाही. कणगीमागे उंदीर खुडबुडला. लांब तळोज्याच्या एका कंपनीचा भोंगा झाला. एका आगऱ्याच्या मुलीने, तिचं नाव कविता, हळूच "बोल ना गं" म्हटलं, तिच्याकडे बघून चाचांनी एक बोट वर केलं आणि ती गप्प झाली. मुक्ताने दोन्ही मुठींत तूस घेतलं होतं, ते बोटांतून सांडत होतं, परत ती घेत होती. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. माझ्या घशापर्यंत 'हं' आला होता. लाडू टाळूला टोचत होता आणि वालाच्या शेंगांचा माझ्या हातात चुरा झाला होता. मनात एकच होतं, आता जर ती बोलली नाही तर कधीच बोलणार नाही.

मग तो आला. आवाज म्हणावा एवढाही नव्हता, नाकातून सुटलेला श्वास म्हणा. पण "हं" होता.

चाचांनी शाबासकी दिली नाही, भुवईसुद्धा उचलली नाही. पुढचं वाक्य टाकलं. "निवटी झोपली व्हती चिखलात."

"हं."

"जागी झाली नि बघते तं दर्या नाय."

"हं."

हा तिसरा मला नीट ऐकू आला. बगळ्यापर्यंत ती सरावली, खेकड्यापर्यंत पुढे सरकून चाचांच्या गुडघ्याला हात लावून बसली. एकदा चाचांचं वाक्य संपायच्या आतच तिने हुंकार दिला, तर ते थांबून म्हणाले, "सबूर, माजा घास मला खाऊंदे," आणि पोरं हसली. तीही हसली. शेवटी निवटी थकून बसली आणि लांबून पाण्याची एक पांढरी रेघ दिसली.

"आला?" मुक्ता म्हणाली.

"आला," चाचा म्हणाले.

मी रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. उठून तिला उचलणार होते, तर भाभींनी माझा दंड धरला. "आता नको. तिनं काय मोठं केलं नाय. गोष्ट ऐकली. तसंच राहूंदे." मी खाली बसले आणि लाडू एकदाचा चावला. दात शाबूत राहिला.

दुपारी आम्ही निघालो. भाभींनी एका गोणीत तूस भरून दिलं आणि वालाच्या शेंगा दिल्या. सहा सीटरवाल्याने गोणीचं वेगळं भाडं मागितलं, नसीमाने त्याच्याशी त्यांच्या बोलीत दोन मिनिटं हुज्जत घातली आणि गोणी फुकट आली. नेरूळला पोचेपर्यंत मुक्ता झोपली होती. तिच्या केसांना भांबुर्ड्याचा वास येत होता आणि मी त्या रात्री तिला न्हाऊ घातलं नाही. ज्यांनी मला पाहिलंय त्यांना यातलं मोठेपण कळेल.

तूस बाल्कनीत एका टबात ओतलं. पहिल्याच दुपारी ते खालच्या मजल्यावर उडालं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला बोलावून घेतलं. मग टबावर चादर आली. तांदळाच्या डब्याचं झाकण मी काढून ठेवायला लागले. चित्रांचे पत्ते माळ्यावर गेले. रोज जेवणाआधी मी एक गोष्ट सांगायची आणि हुंकार येईपर्यंत थांबायची. पहिल्या आठवड्यात आमची जेवणं फार उशिरा झाली. मुक्ता काही एकदम पोपटासारखी बोलायला लागली नाही, तसं होतं अशी कोणाची समजूत असेल तर ती काढून टाका. दिवसाला एखादा शब्द, कधी दोन, आणि तेही तिच्या मनात आलं तर.

मुलाखत त्यानंतर तीन आठवड्यांनी झाली. आईबाबांनी मुलाजवळ बसायचं होतं. टेबलापलीकडच्या बाई चांगल्या होत्या, हसून बोलल्या. "बाळ, तुझं नाव काय?" मुक्ताने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी ओठ घट्ट मिटून घेतले. ह्यांनी टेबलाखालून माझा हात दाबला. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, मग घड्याळाकडे बघितलं. बाहेर रांग होती, त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी या, असं त्यांनी सांगितलं.

आम्ही रिक्षा केली. सेक्टरच्या वळणावर मुक्ता माझा पदर ओढून म्हणाली, "त्या बाईंना नाव नाही सांगितलं."

मी म्हटलं, "नाही सांगितलं. का गं?"

"मला वाटलं तू सांगशील."

तिच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली अख्खी वाक्यं. ह्यांनी रिक्षावाल्याला थांबवायला सांगितलं, का ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी तिला म्हटलं की इतके दिवस मी सांगत होते, ते चुकलं माझं, आता तुझं तूच सांगायचं. तिने विचार केला आणि "बरं" म्हणाली.

तुम्हाला त्या बाजूला जायचं असेल तर आता बेलापूरहून मेट्रो आहे, धूळ न खाता पोचाल. कोठार शोधू नका, तिथे इमारत झाली आहे आणि चाचाही राहिले नाहीत. पण जानेवारीत गेलात तर शेताच्या कडेला कोणी ना कोणी पोपटी लावलेली असते, विचारलंत तर बसवून घेतात. त्यानंतर मी खूप लांब लांब फिरले, बर्फ बघितला, वाळवंट बघितलं. पण माझ्यात जो काही फरक पडला तो त्या वीस किलोमीटरमध्येच पडला, आणि तोही पुरा पडायला वर्ष लागलं.

पुढच्या वर्षी त्याच शाळेत, त्याच बाईंच्या दारात, मी मुक्ताचा हात सोडला आणि त्यांना विचारलं की ती एकटीच आत आली तर चालेल का. त्या हो म्हणाल्या. दार लागलं. मी बाहेर बाकावर बसून राहिले. मुक्ता बऱ्याच वेळाने बाहेर आली, प्रवेश झाला होता. आत ती काय बोलली, ते मी तिला विचारलं नाही, आणि मला ते आजही माहीत नाही.